लघुप्रबंधासाठी राष्ट्रकुल की युरेशियन संघ?

सोव्हिएत संघ फुटल्यावर नव्याने स्वतंत्र झालेल्या शेजाऱ्यांना रशियाने पुन्हा आपल्याभोवती कसे बांधले, हा विषय पक्का झाला की लगेच पेच पडतो. 1991चे स्वतंत्र राष्ट्रांचे राष्ट्रकुल घ्यावे, की 2015पासूनचा युरेशियन आर्थिक संघ? एम.ए.ला असताना मी दोन्ही चाचपून पाहिले.

राष्ट्रकुलाची ओढ मोठी होती. गृहयुद्धाने जेरीस आलेला जॉर्जिया 1993मध्ये आत येतो आणि 2008च्या युद्धानंतर बाहेर पडतो. एवढा एकच धागा धरला तरी पुष्कळ काही हाती लागते.

पण मला नडले ते करारांचे सदस्यत्व. राष्ट्रकुलात ज्याला हवा त्याने करार स्वीकारायचा. सही केली म्हणून संसदेची मंजुरी मिळतेच असे नाही, आणि मंजुरी मिळाली तरी सोबत आपापल्या अटी. युक्रेन संस्थापकांपैकी एक, पण 1993ची सनद त्याने कधीच मंजूर केली नाही. तुर्कमेनिस्तान 2005पासून नुसता सहयोगी. मी वहीत रकाने आखले: सही, मंजुरी, अटी. ‘सदस्य देशांनी मान्य केले’ एवढे लिहायचे तरी वही उघडावी लागे. दोन महिने त्यातच गेले. मार्गदर्शक मॅडमनी वही चाळली आणि विचारले, “यात रशियाचं धोरण कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

संघाकडे वळलो आणि कोण कशाला बांधलेला आहे हे एका संध्याकाळीत समजले. कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानात, 29 मे 2014 रोजी झालेला एकच मूळ करार, आज पाच सदस्य: रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान. आयात शुल्क एकत्र जमा होते आणि ठरलेल्या टक्क्यांनी वाटले जाते. रशियाचा वाटा सुमारे 85 टक्के. लहान देशांचा हिशेबही इथे उघड दिसतो. किर्गिझ मजुराला रशियात कामासाठी वेगळा परवाना लागत नाही, संघाबाहेरच्या ताजिक आणि उझबेक मजुराला तो पैसे भरून घ्यावा लागतो. उलट किर्गिझ राजधानी बिश्केकच्या दोर्दोई बाजारातून चिनी माल शेजारी देशांत जायचा, तो संघाच्या चढ्या शुल्काने महागला. एकाच देशाची मिळकत आणि झळ अशी शेजारी शेजारी मांडता येते.

लहानांनी नकार दिल्याची उदाहरणेही आहेत. करार झाला होता पण संघ सुरू व्हायचा होता, त्या ऑगस्ट 2014मध्ये रशियाने युरोपच्या खाद्यपदार्थांवर बंदी घातली, तेव्हा बेलारूस आणि कझाकस्तान त्यात सामील झाले नाहीत.

अर्थात तुमचा जीव युद्धात आणि सीमावादात रमत असेल, तर संघ कोरडा वाटेल. युक्रेनियन किंवा जॉर्जियन वाचता येत असेल, तर राष्ट्रकुलाचा विचार जरूर करा. नुसत्या रशियनवर काम भागवायचे असेल, तर मी संघ घ्या म्हणेन, आणि सुरुवात किर्गिझस्तानपासून करा.