एटीआर घ्यावं का एअरबसची वाट बघावी? कॅप्टन व्हायचा खरा हिशोब

आमच्या परभणीच्या भाच्याचं सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालं, उड्डाणाचे २०० तास हातात, रानावर कर्ज, आणि आता रिजनल (छोट्या शहरांना उडणाऱ्या) कंपनीचा कॉल आलाय तर पोरगं म्हणतंय मामा, एटीआरवर (पंख्याच्या छोट्या विमानावर) गेलं की माणूस तिथंच अडकतो म्हणतेत, एअरबसची (मोठ्या जेट विमानाची) भरती निघेपर्यंत थांबू का. अजून दोघातिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी एटीआरच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून, चार वर्षं काढली, आता एअरबसवर आहे.

आधी एक सांगतो, यूट्यूबवरचे अमेरिकेतले रिजनल पायलट बघून इथला हिशोब लावू नका. २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यावरून तिकडं कायदा झाला अन् २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटला पण साधारण १५०० तास लागतात, म्हणून तिथली पोरं आधी इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतेत. आपल्याकडं २०० तासांवर सीपीएल, मग टाइप रेटिंग (त्या-त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग), की उजवी सीट. १५०० तास लागतात ते एटीपीएलला (त्याच्या वरच्या लायसन्सला), म्हणजे कॅप्टनच्या चार पट्ट्यांसाठी.

आता तासांचं. महिन्याला ७५ तास पडले तर उरलेले १३०० तास दीड वर्षात होतात, ६० पडले तर पावणेदोन-दोन वर्षं. वर्षाला १००० च्या वर उडताच येत नाही, नियमच आहे. एटीआरचे सेक्टर (एकेक उड्डाण) छोटे, दिवसात चार-चार लँडिंग करून पण लॉगबुकात तास कमीच दिसतेत, एअरबसवाला दोन लांबचे सेक्टर मारून तेवढेच घेऊन घरी जातो. म्हणजे तासांच्या शर्यतीत एअरबस पुढं.

पण कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, नुसत्या तासांवर मिळत नाही, जागा रिकामी लागते. इथं एटीआर बाजी मारतंय. तिथले कॅप्टन सारखे जेटकडं जायलेत, जागा होते, खालचा वर सरकतो. जेटवर तुमच्या पुढं सिनिऑरिटीत शेकडो माणसं, अन् कंपनीची स्वतःची तासांची अट १५०० च्या बरीच वर. माझ्या बघण्यात एटीआरवर पोरं तीन-चार वर्षांत डाव्या सीटवर बसली, एअरबसवर चार ते सहा. नवीन विमानं येत राहिली तर हे, इंडिगोनं २०२३ ला एका झटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली तसा काळ असला तर लवकर, नाहीतर बसा वाट बघत.

आता एटीआरची खरी अडचण. रिजनल कंपनी बऱ्याचदा छोटी, पाच-सहा विमानं, त्यातलं एक-दोन पार्टअभावी उभं राहिलं की तास पण थांबले अन् अपग्रेड पण. मोठी कंपनी म्हणजे सेफ असंही काही नाही म्हणा, जेट एअरवेज २०१९ ला बंद पडली, गो फर्स्ट २०२३ ला. दुसरं म्हणजे एटीआर सोडून एअरबसला गेलं की परत टाइप रेटिंगचे लाखो रुपये अन् बऱ्याचदा परत उजवी सीट, चार पट्ट्यांचे तीन. मनाला लागतंय ते, पण कॅप्टन म्हणून उडवलेले तास कुणी काढून घेत नाही, पुढच्या कमांडला तेच कामाला येतात.

उडवायला शिकायचं असलं तर मात्र एटीआरसारखं काही नाही. ऑटोथ्रॉटल (इंजिनची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, पॉवर हातानं सांभाळायची, अन् एअरबस ज्या ढगांच्या वरून जातो त्याच ढगांत पावसाळाभर हे फिरतंय. रिजनल म्हणजे पंख्याचंच (प्रोपेलरचंच) विमान असंही नाही, आपल्या नांदेडला स्टार एअरचं एम्ब्रेयर येतंय ते जेट आहे, पण एअरबसला जायचं तर त्याला पण रेटिंग वेगळंच.

म्हणून भाच्याला सरळ म्हणलं, थांबू नको. थांबलेल्या वर्षात कर्जाचं व्याज चालूच राहतंय, सिम चेकला (सिम्युलेटरवरच्या परीक्षेला) हात जड होतो, अन् सिनिऑरिटीत तुझ्या मागची पोरं पुढं गेलेली असतेत. एअरबसचं ऑफर लेटर खरंच हातात असलं तर गोष्ट वेगळी, मग घे डोळे झाकून. नुसतं कुणीतरी म्हणलं, भरती निघणारे, ह्याच्यावर नाही.

फक्त सही करायच्या आधी चार गोष्टी विचार म्हणलं. बॉण्ड किती वर्षांचा अन् मधी सोडलं तर किती भरायचे. सध्या किती विमानं खरंच उडायलेत, कागदावर किती ते नको. मागच्या वर्षी किती जणांना कमांड मिळाली. अन् बेस कुठला, कारण मुंबईत भाडं देऊन हप्ता भरणं अन् हैदराबादला राहून भरणं ह्यात लई फरक आहे. नोटीस पीरियड तर ठरलेलाच आहे, २०१७ पासून को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला वर्ष, म्हणजे एअरबसचा कॉल आला तरी लगेच उठून जाता येत नाही, हे धरूनच सही कर. दाजींना पण हे फोनवर सांगितलंय, ते म्हणले बॉण्डचा कागद आधी आपल्या वकिलाला दाखवू.