ईपॅनेट 2.2: दोन तास पाणी सुटणाऱ्या गावासाठी

गावच्या नळपाणी योजनांचे आराखडे करते, त्यामुळे ईपॅनेट माझ्याकडे रोज उघडं असतं. पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारा, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, ईपीएचा हा प्रोग्रॅम 1993 पासून आहे, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही क्षणात उत्तर देतो. फाइल सुरू करताना प्रवाहाचं एकक आधी जीपीएमचं (मिनिटाला गॅलन) एलपीएस (सेकंदाला लिटर) करा, म्हणजे लांबी आणि दाब मीटरमध्ये येतात.

खरी काळजी घ्यायची ती टाइम स्टेपची, म्हणजे प्रोग्रॅम किती किती वेळाने नवं गणित करतो त्याची. प्रवाह-दाबाच्या गणिताची हायड्रॉलिक स्टेप मुळात 1 तासाची असते. मोठ्या टाक्या आणि चोवीस तास पुरवठा असेल तर ती चालते. आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास सुटतं. 50,000 लिटरची, 3 मीटर खोलीची उंच टाकी धरा आणि सेकंदाला 7 लिटर वाटप. तासाभरात 25,200 लिटर जातात, पातळी दीड मीटर उतरते. पण ईपॅनेट स्टेपच्या सुरुवातीची पातळी धरूनच दाब काढतं. टेकाडावरच्या वस्तीत तेवढ्या फरकाने नळ कोरडा राहतो. 5 मिनिटांची स्टेप ठेवली की हा फरक 12-13 सेंटिमीटर उरतो. मागणीचा पॅटर्नही, म्हणजे वेळेनुसार मागणी कशी बदलते तो तक्ताही, 15 मिनिटांचा द्या, नाहीतर पाणी सुटल्यासुटल्या होणारी झुंबड सरासरीत बुडते. टाकी रिकामी झाली तर तो क्षण मात्र प्रोग्रॅम स्वतःच स्टेप तोडून पकडतो. फार उपयोगी सोय.

2020 च्या या आवृत्तीत दाबावर अवलंबून मागणी काढता येते. आपल्या योजनांसाठी याहून मोठी सुधारणा नाही. आधी दाब उणे दाखवूनही त्या नोडला, म्हणजे जाळ्यातल्या त्या जोडबिंदूला, पाणी मात्र पूर्ण मिळालेलं दिसायचं!

गल्लीतल्या नळजोडण्या एका नोडवर एकत्र करायला हरकत नाही. शेवटच्या उंच घरांची लाइन मात्र गाळू नका, सगळ्यात कमी दाब तिथेच असतो.

दोन गोष्टी इथे मिळणार नाहीत. पाइप कायम भरलेले धरलेले असल्यामुळे रिकामी लाइन भरण्यात जाणारा वेळ दिसत नाही. आणि वीज जाऊन पंप बंद पडल्यावर रायझिंग मेनला (पंपापासून टाकीपर्यंतच्या लाइनला) बसणारा वॉटर हॅमर, म्हणजे दाबाचा अचानक धक्का, स्टेप 1 सेकंदाची केली तरी, दिसत नाही. पाण्याचं जडत्व या समीकरणांतच नाही. लोखंडी पाइपमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण हजार मीटर जाते, म्हणजे 3 किलोमीटरच्या लाइनवर जाऊन-येऊन 6 सेकंद. हा धक्का कमी करणारे झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह कुठे बसवायचे हे ठरवायला सर्ज अ‍ॅनालिसिसचं, म्हणजे अशा दाबलाटांचं गणित करणारं, वेगळं सॉफ्टवेअरच घ्यावं लागतं.