पितळी डाउझिंग लंबक: साखळी उत्तम, उत्तरं माझीच

पाचपैकी दोन तारे. एक पितळेला, एक साखळीला.

डाउझिंग लंबक म्हणजे प्रश्न विचारला की झुलून उत्तर देतो, हरवलेलं शोधून देतो असं म्हणतात तो. हा बहिणीने भेट दिला. तिची हरवलेली किल्ली म्हणे यानेच शोधून दिली. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांसाठी लंबक टांगले, तेव्हा भेटीत थोडा टोमणाही असणार.

डबीत टोकदार पितळी गोळा, वीतभर साखळी, 'हो', 'नाही', 'सांगता येत नाही' असे भाग पाडलेला तक्ता आणि एक पुस्तिका. घडण चोख आहे. टोक बरोबर मध्यावर, साखळीला पीळ पडत नाही.

साखळी चिमटीत धरली, कोपर अधांतरी ठेवलं आणि विचारलं, "मी निवृत्त झाले आहे का?" पाच-सहा सेकंद काही नाही. मग गोळा थरथरला आणि 'हो'च्या रेषेवर झुलायला लागला. खरं सांगते, अंगावर काटा आला. हात हलवल्याची जरासुद्धा जाणीव नव्हती. इथे पाच तारे देणाऱ्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. मग कोपर टेबलावर टेकवलं, झोका निम्म्यावर. मनगट पुस्तकांच्या चळतीवर ठेवलं, जेमतेम हालचाल. शेवटी साखळी स्टँडच्या चिमट्याला अडकवली, तर ढिम्म. माझ्या निवृत्तीबद्दल स्टँडला काही म्हणायचं नव्हतं.

ही युक्ती माझी नाही. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्यावर लंबक धरून हेच पाहिलं होतं. मध्ये काच सरकवली की झुलणं थांबायचं. मग त्याने स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि काच कधी सरकवायची ते मदतनिसावर सोपवलं. काचेचा परिणाम गायब! १८३३ मध्ये त्याने हे छापलं. नकळत होणाऱ्या या हालचालीला १८५२ मध्ये कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 'आयडिओमोटर' हे नाव दिलं. वीतभर साखळीचा एक झोका साधारण ०.९ सेकंदाचा. बोटांची केसभर हालचाल त्या तालात पडली की झोका वाढत जातो, झोपाळ्याला पायाने ठेका द्यावा तसा.

किल्लीचं काय? भाचीला बोलावलं. दोन सारख्या डब्या, एकीत नाणं. आधी डबी मला दाखवून दहा फेऱ्या केल्या, दहाही बरोबर. मग तिने दुसऱ्या खोलीत नाणेफेक करून डबी ठरवायची, वहीत लिहायचं, डब्या दाराशी ठेवायच्या आणि मी आत यायच्या आधी निघून जायचं. तिचा चेहराही मला दिसायला नको होता. अशा वीस फेऱ्या. पंधरा किंवा जास्त बरोबर आले तर बहिणीची माफी मागायची, हे आधीच लिहून ठेवलं होतं. नुसत्या नशिबाने तेवढे शंभरात दोनदाच येतात. बरोबर आले नऊ.

"मावशी, वही बघून केलं असतंस तर वीस आले असते," भाची म्हणाली. किल्ली कुठे ठेवली ते बहिणीला कुठेतरी आठवत असणार, असा माझा अंदाज. तेवढ्यापुरता लंबक कामाचा म्हणायचा.

एक तारा कापलाय तो पुस्तिकेसाठी. तिसऱ्या पानावर लिहिलंय, "शंकेखोर व्यक्ती जवळ असल्यास लंबक योग्य उत्तर देत नाही." म्हणजे बरोबर आलं तर लंबकाचं, चुकलं तर माझं. असा तापमापक प्रयोगशाळेत कुणी ठेवला असता का?

गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण एडीई ६५१ नावाचं बनावट उपकरण आठवतं. मुठीला सैल बसवलेला अँटेना, आत बॅटरीसुद्धा नाही. 'बॉम्बशोधक' म्हणून ते इराकला विकलं गेलं आणि तिथल्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून गाड्या तपासत. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अँटेनाही हातानेच फिरायचा. दुसरा कापलेला तारा त्या नाक्यांवरच्या माणसांसाठी, जरी हा विक्रेता फक्त किल्ल्याच शोधून देतो म्हणत असला तरी.

आणि तिसरा? तक्ता पहिल्याच दिवशी घडीवर फाटला.

परत पाठवायची मुदत अजून चार दिवस आहे. पण फळी सरळ बसवायला असा ओळंबा मिळत नाही. तरी लंबकालाच विचारलं, "परत करू का?" त्याने ठामपणे 'नाही' सांगितलं. कोपर अर्थातच अधांतरी होतं.