बॉल सोडायला शिकवणारा क्रिकेट क्लास

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मुलाला क्रिकेटला घालायचं म्हटलं तर आता बॉक्स क्रिकेटचं टर्फ आहे, उन्हाळी शिबिरं आहेत, आणि कॉलेजच्या मैदानाच्या कोपऱ्यात भरणारा हा क्लास आहे. माझा तेरा वर्षांचा मुलगा इथे जातो. नेट दोन आहेत, एक सिमेंटच्या पट्टीवर आणि एक मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या चटईवर. फी महिन्याला ७०० रुपये. कोणी विचारलं तर मी हाच क्लास सांगतो, कारण इथे पोराला पहिले बॉल सोडायला शिकवतात.

नवा पोट्टा आला की सर त्याला ऑफस्टंपबाहेरचा बॉल मारूच देत नाहीत. आपला ऑफस्टंप कुठे आहे हे आधी कळलं पाहिजे. मग बॅट वर, हात अंगाजवळ, आणि बॉल कीपरच्या हातात जाईपर्यंत नजर बॉलवर. कोणी बाहेरच्या बॉलला बॅट लावली की नेटमागून आवाज येतो, "कायले मारून राहिला बे? जाऊ दे त्याले." त्यानंतर बचाव. बॉल उशिरा खेळायचा, डोळ्यांखाली खेळायचा, खालचा हात सैल ठेवायचा, म्हणजे कड लागली तरी बॉल स्लिपच्या आधी जमिनीवर पडतो. बॉलिंगवाल्या पोरांना एका दमात सहा ओव्हर टाकाव्या लागतात. टी-ट्वेंटीसारख्या चार ओव्हर टाकून फाइन लेगला जाऊन उभं राहण्याची सवय सर लागू देत नाहीत.

बरेच पालक यावर नाराज असतात. "सर, सिक्स कधी शिकवान?" असं मी स्वतः ऐकलं आहे. त्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. २००८ पासून आयपीएलचा लिलाव सगळं घर बसून बघतं. आमच्या शेजारच्या अमरावतीचा जितेश शर्मा तिथे खेळतो. २०२५ पासून नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भाची स्वतःची टी-ट्वेंटी लीग सुरू झाली. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या कास्तकाराला त्यात पोराचं भविष्य दिसलं तर नवल नाही.

पण वीस ओव्हरच्या सामन्यात १२० बॉल आणि दहा विकेट, म्हणजे दर बारा बॉलला एक विकेट गेली तरी चालते. तिथे विकेट स्वस्त आहे. दहा बॉलमध्ये वीस करून आऊट झालेल्याला टाळ्या मिळतात. हात कडक करून बॉलच्या मागे जायची सवय तिथेच लागते, आणि कसोटीत तीच अंगावर येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडसमोर बंगळुरूला बॉल हलत होता तर भारत ४६ वर ऑलआऊट झाला, पाच जण शून्यावर गेले. पुण्यात सँटनरच्या फिरकीने १३ बळी घेतले. वानखेडेवर १४७ हवे होते, १२१ झाले. घरच्या मैदानावर ०-३. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेसमोर कोलकात्यात १२४ चं लक्ष्य होतं, ९३ वर डाव संपला. खेळपट्ट्या वाईट होत्याच. पण त्याच वाईट खेळपट्टीवर समोरचे आपल्यापेक्षा जास्त वेळ उभे राहिले, हे विसरता येत नाही. २०१७ मध्ये रांचीत पुजारा ५२५ बॉल खेळला होता. तसं खेळायला आता कोण शिकून राहिलं?

लीगने सगळं बिघडवलं असं मात्र मी म्हणणार नाही. कानपूरला २०२४ मध्ये दोन दिवसांहून जास्त खेळ वाया गेला, तरी भारताने ३४.४ ओव्हरमध्ये २८५ करून डाव घोषित केला आणि सामना जिंकला. ते हात टी-ट्वेंटीनेच दिले. फक्त बचाव आधी यावा आणि फटका नंतर, हा क्रम सर पाळतात. विदर्भाने रणजी तीनदा याच क्रमाने जिंकली असं मला वाटतं. २०२४-२५ च्या जामठ्याच्या अंतिम सामन्यात केरळसमोर ३ बाद २४ होते, तिथून दानिश मालेवार १५३ करेपर्यंत हलला नाही. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आला. त्या मोसमात यश राठोडच्या ९६० धावा आणि हर्ष दुबेचे विक्रमी ६९ बळी. चार-पाच दिवसांच्या क्रिकेटची ही आपल्याच मातीतली पोरं आहेत.

आता क्लासच्या उणिवा. मॅटिंग नीट ताणलेलं नसतं, एका कोपऱ्यावर बॉल पडला की अचानक उसळतो, आणि लहान पोरं घाबरून मागे सरकतात. हे आठवड्याला तपासायला हवं. लाल लेदर बॉल महाग, म्हणून तोच बॉल शिवण सुटेपर्यंत चालवतात. त्यामुळे नवा बॉल कसा हलतो हे पोरांना कळतच नाही. काळ्या मातीचं मैदान असल्याने पावसाळ्यात चिखल होतो आणि क्लास जवळपास बंद पडतो. मुलींसाठी कपडे बदलायला जागा नाही, आणि याच कारणाने दोघी-तिघी येऊन सोडून गेल्या. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

सामनेही कमी. आजूबाजूला सगळ्या आठ-दहा ओव्हरच्या टेनिस बॉल स्पर्धा. सर दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांचा सामना ठेवतात, तेवढाच. गेल्या खेपेला माझा मुलगा जेवणाच्या सुटीपर्यंत नाबाद राहिला. धावा अठराच होत्या. बाहेरून पोरं "मार ना बे" म्हणून ओरडत होती आणि तो एकामागून एक बॉल सोडत होता. मला एवढा अभिमान त्याच्या कोणत्याच सिक्सने दिला नाही. असे सामने वर्षातून चार तरी व्हावेत, पालकांनी वर्गणी काढावी, मी माझा वाटा द्यायला तयार आहे.

पोराला घालायचं असेल तर दिवाळीनंतर घाला, तेव्हा मैदान कोरडं असतं. पॅड तिथे मिळतात. हेल्मेट मात्र घरूनच न्या, क्लासमध्ये दोनच आहेत आणि लहान डोक्यांना ते ढिले होतात.