अस्तर, बॅटिंग आणि वरचा थर: मशीनवर गोधडी शिवण्यापूर्वीच्या तयारीचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी घरच्या साध्या शिलाई मशीनवर पाच गोधड्या पूर्ण केल्या आणि तिन्ही थर (खालचे अस्तर, मधली बॅटिंग म्हणजे मऊ भरण, आणि वरचा थर) एकत्र टाचून घेण्याच्या पद्धती मुद्दाम आलटून पालटून वापरल्या. दोन गोधड्यांना वाकड्या सेफ्टी पिना लावल्या, दोन तात्पुरत्या चिकट स्प्रेने जोडल्या आणि एकीला हाताने कच्चे टाके घातले. पाचही गोधड्या आता अनेकदा धुऊन झाल्या आहेत, त्यामुळे पुढे लिहिलेले मत केवळ मशीनवरून उतरलेल्या नव्या कापडाविषयीचे नाही.

सर्वांत आधी अस्तराविषयी लिहिते, कारण माझी सर्वाधिक उसवाउसव अस्तरामुळेच झाली. मशीनचे खालचे दाते अस्तराला मागे ओढतात आणि वरचा फूट वरच्या कापडाला दाबून जवळजवळ जागीच धरून ठेवतो, त्यामुळे तीन थर एकाच वेगाने सरकत नाहीत. नेहमीच्या फूटऐवजी लावायच्या वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असल्यामुळे तो वरचा थरही सोबत सरकवतो आणि हा फरक पुष्कळसा कमी करतो. पण अस्तर मुळातच सैल बसले असेल तर त्याची चुणी वॉकिंग फूटखालीही पडते, आणि ती आपल्याला दिसते ती गोधडी उलटी केल्यावरच.

अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी 4 इंच मोठे घ्यावे, ही सूचना मी पहिल्या वेळी फार मनावर घेतली नव्हती आणि 2 इंचांत भागवले होते. मधून कडेकडे शिवत जाताना थर थोडे थोडे बाहेर सरकतात, आणि एका कोपऱ्यात वरचा थर अस्तराच्या कडेपलीकडे गेला तेव्हा तिथे वेगळी पट्टी जोडण्यावाचून इलाज उरला नाही. आता 60 × 72 इंचांच्या गोधडीसाठी मी 68 × 80 इंचांचे अस्तर धरते. कापडाचा वापरता येण्यासारखा पन्हा 42 इंच असेल तर 80 इंच लांबीचे दोन तुकडे उभे जोडण्याऐवजी 68 इंच लांबीचे दोन तुकडे आडवे जोडावेत. दोन्ही तुकड्यांवर अर्धा-अर्धा इंच शिलाईसाठी सोडून 83 इंच मिळतात आणि 24 इंच कापड वाचते. जोडण्यापूर्वी कापडाची घट्ट विणलेली किनार दोन्ही तुकड्यांवरून कापून टाकावी, कारण धुतल्यावर ती उरलेल्या कापडाइतकीच आटेल याचा भरवसा नसतो आणि शिलाई चुणते. शिलाई दोन्हीकडे उघडून इस्त्री केली की तिथे उंचवटा राहत नाही. आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकले: अस्तराच्या जोडाला अगदी समांतर आणि जवळ अशी रेघ शिवू नये, कारण ती रेघ कधी जोडावर चढते, कधी खाली उतरते आणि मागून वाकडी दिसते.

अंथरण्याची कृती वाचायला सोपी आणि करायला नाजूक आहे. अस्तराची उलटी बाजू वर ठेवून चारही कडांचे मध्य खुणावून घ्यावेत, मग समोरासमोरच्या कडा आळीपाळीने, मध्यापासून कोपऱ्याकडे जात, कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात. इथे कापड सपाट हवे, पण ताणलेले नको. पहिल्या गोधडीच्या वेळी मी अस्तर ढोलकीच्या चामड्यासारखे ताठ ओढले होते. पिना लावून पट्ट्या सोडल्या तसे ते पुन्हा आपल्या मूळ मापाला आले आणि दोन पिनांमधल्या प्रत्येक चौकोनात वरचा थर फुगून उभा राहिला. आता मी चिकटवून झाल्यावर तळहात कापडावरून सावकाश फिरवते. हाताच्या पुढे कापडाची लाट आली तर ते सैल आहे, आणि उभा-आडवा धागा कुठे कमानीसारखा वाकलेला दिसला तर ताण जास्त झाला आहे. चौकडीच्या अस्तरावर हे विशेष चांगले कळते, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी पहिल्या गोधडीला चौकडीचे अस्तर घ्यावे असे मला मनापासून वाटते; रेघा सरळ ठेवताना मेहनत पडते, पण डोळ्यांना धाग्याची दिशा ओळखायची सवय लागते.

बॅटिंगविषयी थोडक्यात सांगते. घडीतून काढलेली बॅटिंग आदल्या रात्री पसरून ठेवली की तिच्या घड्या पुष्कळशा मोडतात. सुती बॅटिंग दोन्ही कापडांना धरून राहते, तर जाड पॉलिएस्टरची बॅटिंग निसटती असते आणि तिला टाचणी अधिक जवळजवळ लागते. सुती बॅटिंग धुतल्यावर साधारण 3 ते 5 टक्के आटते आणि गोधडीला सुरकुतलेला, मऊ पोत येतो. तो नको असेल तर 80 टक्के सूत आणि 20 टक्के पॉलिएस्टर अशी मिश्र बॅटिंग बरी. वेष्टनावर शिलाईच्या दोन रेघांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते दिलेले असते. नक्षी ठरवण्यापूर्वी ते वाचावे, नाहीतर धुण्यात मधला थर गोळा होतो.

वाकड्या सेफ्टी पिनांनी काम भरवशाचे होते, पण वेळखाऊ. मुठीएवढे, म्हणजे सुमारे 4 इंचांचे, अंतर धरले तर 60 × 72 इंचांच्या गोधडीला जवळपास 270 पिना लागतात. त्या मध्यापासून बाहेर लावत जाव्यात आणि सगळ्या टोचून होईपर्यंत मिटू नयेत, कारण मिटताना कापड उचलले जाते आणि चिकटवलेले अस्तर हलते. पिनांविषयी माझी खरी तक्रार गंजाची आहे. दुसरी गोधडी काही कारणाने दीड महिना तशीच घडी करून ठेवावी लागली. हवा दमट होती, आणि उघडली तेव्हा फिकट निळ्या तुकड्यांवर अकरा ठिकाणी मोहरीएवढे तपकिरी डाग उमटले होते. त्यांतले सात अजूनही गेलेले नाहीत. निकेलचा मुलामा दिलेल्या पितळी पिना घ्याव्यात, आणि लावल्या की काम लांबवू नये.

स्प्रेने लहान गोधडीचे काम तासाभरात होते. तो कापडावर न मारता बॅटिंगवर, सुमारे 10 ते 12 इंचांवरून, हलका फवारावा. चुणी पडली तर थर सोडवून पुन्हा बसवता येतो, हा त्याचा मोठा गुण. शिवताना थांबून पिना काढाव्या लागत नसल्यामुळे मोकळ्या हाताच्या वळणदार नक्षीसाठी मला हीच पद्धत आवडली. मात्र जास्त मारल्यास सुई चिकट होते आणि टाके सुटू लागतात, बहुतेक स्प्रे ज्वालाग्राही असतात, आणि बंद खोलीत त्याचा वास घशाला लागतो. खिडक्या उघडून, मास्क लावून आणि आसपासची फरशी झाकूनच तो वापरावा. मोठ्या गोधडीच्या कडा मशीनखाली वारंवार गुंडाळल्या-उलगडल्यावर सुटल्या, म्हणून तिथे मी शेवटी पिना लावल्याच.

कच्च्या टाक्यांची गोधडी तयार व्हायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि पाचांत तिचेच अस्तर सर्वांत सपाट आले. लांब सुई, पांढरा दोरा, साधारण दोन इंचांचे टाके आणि 4 इंचांवर ओळी. दुसऱ्या हातात चमचा धरून सुईचे टोक त्याच्या कडेवर उचलून घेतले की बोटे टोचत नाहीत आणि अस्तरही वर ओढले जात नाही. रंगीत दोरा टाळावा, कारण त्याचे तंतू फिकट कापडात अडकून राहतात. कच्च्या टाक्यांच्या नेमक्या वरून मशीनची रेघ नेली तर दोरा काढताना तो तुटतो, म्हणून ओळी नक्षीपासून बाजूला घालाव्यात.

आता सहावी गोधडी फरशीवर अंथरलेली आहे. ती 70 × 90 इंचांची असल्यामुळे कच्चे टाकेच घालणार आहे. 45 इंचांपर्यंतच्या लहान गोधड्यांसाठी मात्र स्प्रे कायम ठेवीन. टाके झाल्यावर 90/14 क्रमांकाची नवी सुई लावून, 3 मिलीमीटरच्या टाक्याने मध्यावरची पहिली रेघ शिवायची आणि दुसरी रेघ सुरू करण्याआधी गोधडी उलटून अस्तर पाहायचे, कारण चुणी एका रेघेवर असताना ती उसवायला दहा मिनिटे पुरतात.