डिझाइनवाल्या पोरांचं काम आठ महिने वापरलं, जसं आहे तसं सांगतो

कारंजा-मंगरूळपीर पट्ट्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, चारशेच्या वर सभासद, ऑफिस मी पाहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन निघायच्या आधी नागपूरच्या एका लहानशा एक्सपिरियन्स डिझाइन फर्मला, म्हणजे ॲप माणसाला वापरायला सोपं करून देणाऱ्यांना, आमचं ॲप सुधरवायला दिलं. नाव नाही लिहीत, कारण पुढे थोडी तक्रार आहे आन् पोरं वाईट नाहीत.

जुनं ॲप एका कोडिंगवाल्यानं करून दिलेलं, चालायचं बरोबर, पण वापरत फारसं कोणी नव्हतं. सरकारी नोंदणी वेगळ्या पोर्टलवर होते, आमच्या ॲपचं काम फक्त माल आणायचा नंबर, काटापट्टी आन् पैसे जमा झाले का एवढंच, तरी सगळे कास्तकार मलाच फोन करायचे. काटा कधी आहे, मॉइश्चर कितीपर्यंत घेऊन राह्यले, पैसे कधी पडतील. हंगामात माझा डबा तसाच घरी परत जायचा.

फर्म तेव्हा तीन जणांची, झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. मला वाटलं हे रंग बदलतील, दोन चित्रं टाकतील आन् बिल देतील. पण त्यातली एक पोरगी आन् मालक स्वतः असे दोघं तीन दिवस काट्याजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले, काही विचारलं तर विचारलं नाहीतर नुसतं पाहणं आन् वहीत लिहिणं. अध्यक्ष म्हणे, याचेही पैसे द्यायचे का बावा?

आता त्यांना काय दिसलं ते ऐका. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते म्हणून ॲपमध्येही तसंच मागितलं होतं, पण माणूस तर एकरात बोलते, मग दोन एकरवाला ०.८१ टाकायचं सोडून सरळ २ टाकते आन् त्याच्या नावावर पाच एकर चढते. आम्ही दोन वर्षं हे हातानं दुरुस्त करून राह्यलो होतो, कोणाला वाटलंच नाही की चूक कास्तकाराची नाही, त्या रकान्याची आहे. आता एकर टाकलं की खाली हेक्टर-आर आपोआप येते. दुसरं, ओटीपी पोराच्या नंबरवर जाते आन् पोरगा चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, इकडे बाप ट्रॅक्टरवर बसून वाट पाहते. आता एका मोबाईलवर घरची-शेजारची तीन-चार खाती चालतात. आन् ते फिके राखाडी अक्षर काढून ठळक काळं केलं, कारण काट्यावर ऊन असते, एसी नसते.

मग चाचणी. पाच माणसं बोलवा म्हणे. चारशे सभासद आन् पाचच? ती पोरगी म्हणाली, याकोब नीलसन नावाच्या तज्ज्ञानं २००० मध्येच लिहून ठेवलंय की पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात, पुढच्या माणसाला तेच तेच दिसते. पाचातले चार जण एकाच ठिकाणी अटकले, ‘टोकन नोंदणी’ या बटणावर. आमच्याकडे टोकन नोंदणी कोणी करत नाही, नंबर लावते. बटणाचं नाव ‘नंबर लावा’ केलं आन् त्या हंगामात माझे फोन अर्ध्याच्या खाली आले. एवढ्या एका शब्दासाठी पैसे वसूल झाले असं मी आजही म्हणतो.

नोव्हेंबरात केंद्रानं हमीभावाच्या सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली, ४,८९२ रुपये भाव होता त्या साली. मी संध्याकाळी मालकाला फोन लावला, रात्री साडेनऊला स्क्रीनवर १५ दिसून राह्यलं. लहान फर्मचा हा फायदा.

आता तक्रार. जानेवारीपर्यंत त्यांना एका दवाखान्याचं आन् एका बँकेचं काम मिळालं, तीनाचे अकरा झाले, ऑफिस मोठं झालं, आन् मालकाच्या फोनऐवजी तक्रारीचा तिकीट नंबर यायला लागला. ती वहीवाली पोरगी बँकेच्या कामावर गेली. तुरीच्या हंगामात, भाव ७,५५० होता, एक साधी ओळ बदलायला अकरा दिवस लागले. त्याहून वाईट म्हणजे फेब्रुवारीत अपडेट आलं, सगळ्या क्लायंटला एकसारखी रचना म्हणून ‘नंबर लावा’ वरच्या तीन रेघांच्या मेनूत टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी बिनानंबरचे सतरा ट्रॅक्टर गेटवर. हमालांच्या शिव्या मी खाल्ल्या, त्यांनी नाही.

मी चिडून फोन केला तर मालक स्वतः आला, जुनं परत लावून दिलं आन् चहा पिता पिता त्यानं त्याचं गणित सांगितलं. मोठे क्लायंट बिल नव्वद दिवसांनी देतात आन् पगार तर एक तारखेला लागतो, तो मधला खड्डा भरायला अजून काम घ्यावं लागते, कामाला माणसं लागतात, माणसं आली की खड्डा अजून खोल. मला हसू आलं, कारण कापूस व्यापाऱ्याला देऊन चुकाऱ्याची वाट पाहणारा कास्तकारही हेच सांगते. तरी सतरा ट्रॅक्टरचा राग गेला नाही.

पाचातून साडेतीन स्टार देतो. काट्यावर बसून केलेलं सगळं काम अजून टिकून आहे, नागपुरात बसून केलेलं दोनदा परत करावं लागलं. करार पुढच्या वर्षी वाढवतोय, पण एक अट लिहून घेतली, सोयाबीनच्या आधी जो कोणी नवीन पोरगा आमचं काम पाहील त्यानं दोन दिवस काट्याजवळ बसायचं. मालक म्हणे व्हिडिओ कॉलवर चालेल का. नाही म्हटलं. जेवण आमच्याकडे.

पट्टीवर तारीख अजूनही महिना आधी आन् दिवस मागून छापून येते, ५ जूनचं ६ मे वाचते माणूस. तिकीट टाकून ठेवलंय, आज बारावा दिवस.