आगमनकाळाचं कडं आणि चार मेणबत्त्या: वांद्र्याच्या दुकानातला सेट

वांद्र्याला हिल रोडच्या आतल्या गल्लीतून हा सेट आणला. लोखंडी कडं, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. कडं झकास आहे, वजनदार, टेबलावर हलत नाही. मेणबत्त्यांचं मात्र काही खरं नाही.

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटवायची. म्हणजे पहिली मेणबत्ती चारही रविवार जळणार. ती जाड हवी, एवढं तरी विकणाऱ्याला कळायला नको? आमची दुसऱ्याच रविवारी निम्मी झाली. मुंबईत डिसेंबरातही पंखा लागतो, त्यात मेण एका अंगाने ओघळलं आणि जांभळा रंग टेबलक्लॉथवर उतरला. गुलाबी चांगली निघाली. ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची. नातू पहिल्याच दिवशी चारही पेटवायला निघाला होता, सासूबाईंनी काडेपेटी कमरेला खोचली! बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला शेतकरी पावसाची वाट बघतो, तू चार रविवार थांब, म्हणाल्या.

ही प्रथा जर्मनीची. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न या पाद्रीने गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? आमच्याकडेही तेच.

कडं जरूर घ्या. मेणबत्त्या माहीमच्या चर्चबाहेरून आणा, फक्त बुधवार टाळा, नोव्हेनाच्या प्रार्थनेची गर्दी असते.